कोरणावळ

शरणपूर रोडला माझं दुकान.
ग्रॅनाइटच्या पाट्या, नावं कोरून मिळतील.
अक्षरी चाळीस रुपये, काना-मात्रा फुकट.

आमची माणसं रामकुंडात विरघळतात.
दहाव्याला कावळा शिवला की मोकळे,
नाव कुठे लिहून ठेवायची गरज पडत नाही.
म्हणून पहिल्याच ऑर्डरला मी चुकलो.
कागदावर होतं, 'प्रभूमध्ये निद्रिस्त'.
मी सरळ 'मृत्यू' कोरलं, खाली तारीख.

हन्नाबाई ओहोळ नवऱ्याच्या पाटीकडे बघत राहिल्या.
मिशनच्या शाळेत भूगोल शिकवायच्या.
आवाज चढला नाही.
"झोपलेत ते," म्हणाल्या. "उठायचंय त्यांना."

पाटी वाया गेली.
तिच्यावर आता मी चहाचे ग्लास ठेवतो.

तेव्हापासून गिऱ्हाईक बोलायच्या आत ओळखतो.
कॅथलिक असले तर मारिया हवी,
आणि क्रुसावर माणूस, खिळ्यांसकट,
बरगड्या मोजता येतील असा.
बाईंच्या लोकांना क्रूस रिकामा लागतो.
मी विचारलं, ह्याच्यावरचा कुठे गेला?
"तिसऱ्या दिवशी उठला ना,"
शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगितलं.

नोटप्रेसमधून रिटायर झालेले कुरियनसाहेब,
त्यांच्या क्रुसाच्या टोकांना कळ्या फुटलेल्या.
अक्षरं गोल गोल, मला एक वाचता येत नाही,
रांगोळी काढावी तशी काढतो.
आमच्या किनाऱ्यावर खुद्द शिष्य उतरला, म्हणतात,
बाकीचे सगळे मागून आले.

आणि सिडकोचा सॅमसन पास्टर,
पत्र्याची शेड, ढोलक, हात वर करून प्रार्थना.
तान्ह्या पोराच्या कपाळावरचे चार थेंब त्याच्या लेखी अंघोळ.
जाणत्या वयात, स्वतः होऊन, डोक्यासकट पाण्यात, तो बाप्तिस्मा.
पाटीवर त्याला नक्षी नको.
नाव आणि वचनाचा आकडा, मधे दोन टिंबं.
टिंबांचे पैसे घ्यावेत का, हे माझं अजून ठरलेलं नाही.

मी मूळचा दिंडोरीचा.
भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस सगळ्यांकडेच आहे.
एक म्हणतो, हे त्याचं रक्तच होतं.
दुसरा म्हणतो, रक्ताची आठवण.
आमच्या बांधावरचा माल
पेल्यात गेल्यावर काय काय होतो,
काकाला सांगितलं तर म्हणाला, भाव काय मिळतो तेवढं विचार.

एकदा धीर करून बाईंना विचारलं,
बाप, पुत्र, पवित्र आत्मा, म्हणजे पाट्या तीन?
"एकच."
मग तिघांत मोठा कोण?
बाई हसल्या, चष्मा पुसला.
"चाळीस वर्षं म्हणतेय रे, पुरतं कळलेलं नाही.
कळलं असतं तर कदाचित म्हणायची थांबले असते."

गेल्या पावसाळ्यानंतर त्या चिठ्ठी घेऊन आल्या.
शांतवन भालेराव. सख्खा भाऊ.
राहतं घर त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं,
बाई वीस वर्षं भाड्याच्या खोलीत,
हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.
दगड मात्र त्यांनी दुकानातला सगळ्यात काळा निवडला.
माझ्या तोंडून गेलंच, ह्याच्यासाठी?

त्या बराच वेळ दगडावरून हात फिरवत होत्या.
"राग आहे. काल रात्रीही होता.
पण माझं जे सोडून दिलं गेलंय, ते कोरायला घेतलंस
तर तुझा भाव मला परवडायचा नाही.
तो जीव देऊन फेडून गेला,
मी पेन्शनीतून एक पाटी देतेय."

पैसे मोजून दिले. वीस रुपये परत घेतले, सोडले नाहीत.

चहा आला. ग्लास उचलताना
त्यांना खालचं अक्षर दिसलं.
"हा शब्द अजून आहे होय तुझ्याकडे?"
घासून काढतो म्हटलं.
"राहू दे," म्हणाल्या,
चहा संपवला,
आणि ग्लास ठेवला
बरोबर त्याच्यावर.